फुलीचा दगड

आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी दरवर्षी माझ्याकडे साक्ष मागितली जाते आणि दरवर्षी मी नाही म्हणतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चार लोकांसमोर उभं राहून सांगणं. कोणाचा आजार बरा झालेला असतो, कोणाची दारू सुटलेली असते. माझं तसं काही झालेलं नाही. मी दारू कधी घेतलीच नाही, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न आला नाही. शिवाय माझ्या नोकरीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. जमीन मोजून झाली की पंचनाम्याखाली दोन माणसांच्या सह्या घ्यायच्या, नाव, वय, धंदा लिहायचा, ती आमची साक्ष. एका शब्दाला दोन अर्थ असले की मला अस्वस्थ वाटतं. यंदा मात्र लिहितो आहे. जे सांगायचं आहे ती माझी चूक आहे आणि ती मीटरमध्ये सांगता येते, म्हणून जमेल असं वाटतं.

मी सरकारी भूकरमापक. सत्तावीस वर्षं झाली. लोक आम्हाला 'मोजणीवाले' म्हणतात. शेजाऱ्यानं जमीन दाबली असं ज्याला वाटतं तो मोजणीचा अर्ज करतो, आम्ही जातो, मोजतो, हद्द दाखवतो आणि बहुतेक वेळा दोघांच्याही शिव्या खाऊन परत येतो. दोन शेतांच्या मधल्या बिनपेऱ्या पट्ट्याला आमच्या यवतमाळकडे धुरा म्हणतात. सगळं भांडण या धुऱ्यावर असतं. वखर दरवर्षी फक्त चार बोटं सरकला तरी वीस वर्षांत दीड मीटर होतो. मी हिशेब करून पाहिला आहे.

आमचं काम वाटतं तितकं अवघड नाही. जुन्या काळी सगळी जमीन एकदा मोजली गेली, तिचे नकाशे झाले आणि ठिकठिकाणी हद्दीचे दगड पुरले गेले. दगडावर छिन्नीनं फुली मारलेली असते, अधिकची खूण असते तशी. नकाशावरचा दगड जमिनीवर शोधायचा, त्यावर उभं राहायचं आणि तिथून पुढे मोजत जायचं. मी लागलो तेव्हा तिपाईवर लाकडी फळा, त्यावर कागद आणि हातात साखळी असायची. आता रोव्हर आला आहे. काठीवर बसवलेलं यंत्र, उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेतं. साधनं बदलली तरी एक गोष्ट तीच राहिली. पहिला दगड बरोबर असेल तर पुढचं सगळं बरोबर. पहिला दगड चुकला तर पुढचं सगळं अगदी बिनचूक चुकतं.

माझे काही नियम होते. पिण्याचं पाणी आणि डबा घरून न्यायचा. कोणाच्याही शेतात चहा घ्यायचा नाही, अर्जदाराचा नाही आणि शेजाऱ्याचाही नाही. वणीकडे एका पाटलानं विचारलं होतं, "चहात काय जमीन विरघळते काय, साहेब?" मी म्हटलं, "विरघळताना पाहिली आहे." राजूरला दोन वर्षं होतो. तिथं कोळशाच्या ट्रकांची धूळ इतकी की दुपारपर्यंत फळ्यावरचा पांढरा कागद काळा व्हायचा आणि पेन्सिलीची रेघ शोधावी लागायची. तरी माझ्या नकाशाला तिथं कोणी हात लावू शकलं नाही. त्याच भागात एकदा काका-पुतण्याच्या वावरातली हद्द लिंबाच्या झाडाखालून गेली. झाडाखाली काका खाटेवर आडवा होता. उठायला तयार नाही. म्हणाला, "सांगा मंग, मायं डोक्सं कोनाच्या वावरात अन् पाय कोनाच्या?" मी मोजून सांगितलं, "कमरेपर्यंत तुमच्या, खाली पुतण्याच्या." तो उठला, खाट अडीच हात ओढली आणि पुन्हा झोपला. इतक्या सरळपणे निकाल मानणारा पक्षकार मला पुन्हा भेटला नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण, मला माझ्या कामाचा अभिमान होता. तसा तो आजही आहे, पण त्यातून तीन मीटर ऐंशी सेंटीमीटर वजा करावे लागतात.

कळंब तालुक्यातलं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या सुधाकररावांनी मोजणीचा अर्ज केला होता. त्यांच्या शेजारचं शेत रशीदभाईंचं. दोन्ही वावरांत कापूस, सोयाबीन, तूर. मधल्या धुऱ्याजवळ रशीदभाईंच्या बाजूला एक विहीर, दहा फूट रुंद, बेचाळीस फूट खोल, त्यांच्या वडिलांनी खणलेली. भांडण विहिरीचं नव्हतंच. धुऱ्यावरच्या दोन बाभळी कोणाच्या, एवढंच होतं.

मी गेलो आणि सवयीनं म्हटलं, "सलाम." आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतो, घरात, दारात, चर्चच्या पायरीवर. तोंडात बसलेला शब्द आहे. रशीदभाईंचा चेहरा खुलला. "वालेकुम अस्सलाम, साहेब!" इकडे सुधाकरराव शेजारच्या पंचाच्या कानाशी लागले, पण आवाज मला आला. "घ्या! मोजनीवाला बी त्यायचाच निघाला."

मी खुलासा केला नाही. खुलासा करणं मला कमीपणाचं वाटलं. पण त्या एका वाक्यानं माझ्यात काहीतरी ताठ झालं. आपण कोणाच्या बाजूचे नाही हे दाखवायचं, असं मी मनात ठरवलं नव्हतं, तरी दिवसभर तेच करत राहिलो. सुधाकररावांशी जेवढ्यास तेवढं बोललो आणि रशीदभाईंशी तेवढंही नाही.

नियमाप्रमाणे दोन दगड सापडायला हवेत, एक सुरुवातीला आणि एक पडताळणीला. दुसरा नाल्यानं नेला होता. दिशा होकायंत्रावर धरली आणि तसा शेराही लिहिला. पहिला दगड नकाशात होता त्याच कोपऱ्यात, बोरीच्या झुडपांजवळ सापडला. बराचसा मातीत, वर वीतभर, आणि त्यावर स्वच्छ फुली. मी फळा लावायला घेतला तेव्हा रशीदभाई पुढे आले.

"साहेब, तो दगड मोजनीचा नाही वाटते. आमची अम्मी..."

"मध्ये बोलू नका."

"नाही, मी म्हनतो एकडाव अम्मीले इचारून पाहा. ते सांगन."

"रशीदभाई," मी म्हटलं, "माणसं बोलतात, दगड बोलत नाहीत. म्हणून मी दगडाला विचारतो."

पंच हसले. वाक्य मलाही आवडलं. पुढे गावात ते बरेच दिवस फिरत होतं असं मी नंतर ऐकलं.

चार वाजता हद्द निघाली आणि विहीर सुधाकररावांकडे गेली. विहिरीचा काठ नव्या रेघेच्या जेमतेम तीस सेंटीमीटर पलीकडे होता, पण पलीकडे म्हणजे पलीकडे. मग सुधाकररावच म्हणाले, "अशी कशी? हे त रशीदच्या बापानं खंदली."

"खणली कोणी हे मोजणीत येत नाही," मी म्हटलं.

रशीदभाई विहिरीकडे पाहत उभे होते. मी सह्या घेतल्या. त्यांनीही केली. अपील करायला मुदत असते, ती मी नियमाप्रमाणे वाचून दाखवली. मुदतीत अपील आलं नाही. प्रकरण बंद झालं आणि मी ते विसरलो.

गेल्या हिवाळ्यात त्याच शिवारात पलीकडच्या एका शेताची मोजणी होती, रोव्हरवर. यंत्र लावलं तर माझा जुना नकाशा जमिनीवर बसेना. पहिल्यांदा मी यंत्रालाच दोष दिला. मग तीन वेळा वाचन घेतलं. तीन मीटर एकोणऐंशी, तीन एक्याऐंशी, तीन ऐंशी. असं एकसारखं चुकणारं यंत्र नसतं. मी काठी घेऊन यंत्र दाखवेल तिथं गेलो. बोरीच्या झुडपात, नांगराला लागलेल्या दगडगोट्यांच्या ढिगाखाली, आणखी एक दगड होता. त्यावरही फुली. चारी हात सारखे.

मग अकरा वर्षांपूर्वी मी धरलेला तो पहिला कोणाचा?

त्याच्यापाशी जाऊन पाहतो तर एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या. हातात पाण्याचा लोटा, मातीत खोवलेली उदबत्ती. माझ्या हातातलं यंत्र पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"कोन हाय रे?"

"मोजणीवाला आहे, अम्मी."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "आता काय न्यायले आला, बाबा? विहीर त नेली."

या रशीदभाईंच्या आई. मी खाली बसलो. अकरा वर्षांपूर्वी ज्यांना विचारायचं टाळलं होतं त्यांना विचारलं, हा दगड कसला?

"कबर हाय. कंपोंडरची." त्यांनी लोट्यातलं पाणी दगडावर ओतलं आणि हातानं फुली चोळली. "माया सासऱ्याच्या वक्ताले गावात मरी आली होती. घरोघर मानसं मेले. लोक गाव सोडून पळून राह्यले होते तवा हा दवाईची पेटी घेऊन आला. सगळ्यायले दवाई पाजली, हिंदू पाह्यला नाही का मुसलमान पाह्यला नाही. मंग त्यालेच लागली. सासरे म्हनत, आपल्या वावरात झोपला हाय, त्याले पानी देत जा. जुम्मेरातले येतो मी."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोनाले मालूम. तुमच्यातला होता. ईसाई."

मी ईसाई आहे हे त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "रशीदनं सांगतलं ना, त्यानं तालुक्यात इचारलं होतं. तवा सगळे म्हनत होते अपील कर, अपील कर. हा म्हने, तो मोजनीवाला ईसाई हाय, कोनाचा चहा नाही पेत, झूठ नाही करनार. आपलीच चूक असन. म्हनून नाही केली."

मी दगडाच्या पुढची माती हातानं काढू लागलो. चार बोटं गेली, आठ बोटं गेली. फुलीची खालची रेघ संपत नव्हती. हातभर खाली गेल्यावर ती संपली, आणि तिच्याखाली झिजलेली दोन अक्षरं होती, वाचता येत नव्हती. फुलीचे चारी हात सारखे असतात. क्रुसाचा खालचा हात लांब असतो. लहानपणापासून दर रविवारी मी क्रुसासमोर बसत आलो आहे. तो शेतात दिसला तेव्हा मला अधिकचं चिन्ह दिसलं.

संध्याकाळी घरी जेवताना मी बायकोला, सुनीताला, सगळं आकड्यांसकट सांगितलं. दोनशे बारा मीटर लांबीची हद्द, तीन मीटर ऐंशीनं सरकलेली, म्हणजे आठ गुंठ्यांना बोटभर कमी. मुदत संपलेली. फेरमोजणी कोणी मागितलेली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी किती होतं हो त्या विहिरीला?"

"बेचाळीस फूट खोल."

"खोली नाही विचारली. पाणी किती होतं? कुठपर्यंत पुरायचं? काय पिकवायचे त्याच्यावर?"

मला माहीत नव्हतं. त्या विहिरीबद्दल माझ्याजवळ सगळे आकडे होते, हा एक नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ मॅडमना लेखी निवेदन दिलं. त्या माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आहेत आणि माझ्याशी सांभाळून बोलतात. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"गायकवाड, हे कोणी मागितलंय का तुमच्याकडे?"

"नाही."

"चौकशी लागेल तुमच्यावर. मलाच लावावी लागेल."

"हो, मॅडम. नियम मला माहीत आहे."

"मग कशाला?"

मी म्हटलं, "साक्ष द्यायची आहे." त्यांना वाटलं मी पंचनाम्याबद्दल बोलतो आहे. म्हणाल्या, फेरमोजणी मी स्वतः करीन, तुम्ही फक्त हजर राहा. चौकशी झाली. सेवापुस्तकात ताकीद लागली. ती बरोबर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

पण त्याआधी मी रशीदभाईंकडे गेलो. कळंबच्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. लोखंडी फाटक जोडत होते, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा.

"सलाम," मी म्हटलं.

त्यांनी मुखवटा वर केला, मला ओळखलं, पुन्हा खाली केला. मी बोलायला सुरुवात केली. "रशीदभाई, त्या मोजणीत माझी..."

"मधात बोलू नोका, साहेब," मुखवट्याच्या आतून आवाज आला. "काम चालू हाय."

मी उभा राहिलो. फाटकाचे सोळा सांधे होते, त्यातले नऊ राहिले होते. ते नऊही झाले. मग त्यांनी मशीन बंद केली, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बोला."

मी सांगितलं. दोन्ही दगड, तीन मीटर ऐंशी, सगळं. मग सुनीताचा प्रश्न विचारला.

"पानी?" ते हसले, पण ते बरं हसणं नव्हतं. "एप्रिलपर्यंत रोज दोन घंटे मोटर चाले. दोन एकर गहू, एक एकर चना, घरापुरती भाजी. घरचा गहू खाल्ला आमी बापाच्या टायमापासून. मंग सगळं कोरडवाहू झालं. मोठा पोरगा राजूरले डंपरवर गेला. मी हे शिकलो, छेचाळीसाव्या वर्षी. पाहा," त्यांनी हात पुढे केले. मनगटापर्यंत भाजल्याचे डाग होते. मी मोजले नाहीत.

"तुम्ही अपील का नाही केलं?" उत्तर ठाऊक असूनही मी विचारलं.

"काहून करतो? तुमी बेईमान असते त सोपं झालं असतं, साहेब. पैसे खाल्ले म्हनलं असतं, भांडलो असतो. तुमी त घरचं पानी घेऊन आलते. अशा मानसाले खोटा म्हनायले मलेच लाज वाटली."

पुष्कळ लोक मला पुष्कळ बोलले आहेत, पण इतकं खोल कोणी मोजलं नव्हतं. मला माफी मागायची होती. घरून वाक्य ठरवून आणलं होतं, ते तीनदा अर्धंच आलं. चौथ्यांदा पूर्ण झालं.

रशीदभाई हात पुसत राहिले. मग म्हणाले, "माफ त कराच लागते. उद्या आपल्यालेही लागन." आणि समोरच्या टपरीकडे तोंड करून ओरडले, "दोन चहा पाठव रे! साहेबाचा कडक."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सत्तावीस वर्षांत पक्षकाराचा घेतलेला हा पहिला चहा. साखर फार होती. मी पूर्ण प्यायलो. चर्चमध्ये कृपा या शब्दावर मी किती प्रवचनं ऐकली असतील, आणि दर वेळी मला वाटायचं की आपण आपलं काम चोख करतो, आपल्याला ती जरा कमीच लागते. त्या स्टुलावर बसून मला कळलं की माझा चोखपणाच एका माणसाच्या विहिरीवर जाऊन बसला होता, आणि तो माणूस मला चहा पाजत होता.

फेरमोजणीच्या दिवशी मॅडमनी रोव्हर लावला, खऱ्या दगडावरून. मी बाजूला उभा होतो. दोन तासांत विहीर रशीदभाईंकडे परत आली. पण मधल्या अकरा वर्षांत सुधाकररावांचंही आयुष्य तिच्याभोवती उभं राहिलं होतं. तीन एकर गहू त्याच पाण्यावर ओंबीत आला होता, अजून दोन पाणी बाकी. आज विहीर गेली तर गहू तिथंच वाळणार हे सगळ्यांना दिसत होतं. सुधाकरराव माझ्यावर आले.

"अकरा वर्सं झोपले होते काय तुमी? तवा म्हने दगडाले इचारतो. आता दगड बदलला काय?"

"दगड तोच आहे. मी भलताच धरला होता. चूक माझी आहे."

"तुमची चूक, अन् गावात चोर मी झालो ना! मी मांगतली होती काय विहीर? मी त दोन बाभळीसाठी अर्ज केलता!"

हे खरं होतं. मी मान हलवली. त्या चुकीत दोन माणसं सापडली होती आणि मी आतापर्यंत एकच मोजत होतो.

तेवढ्यात रशीदभाईंच्या आई काठी टेकत आल्या. गुरुवार नव्हता, पण लोटा हातात होता. कबरीपाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मोजनीवाले बाबा, इकडं ये. याच्यासाठी तुमच्यातली दुवा कोनी केलीच नाही. आमी आमची करतो, पन त्याले त्याची पायजे ना. तू कर."

मी चर्चमध्येसुद्धा मोठ्यानं प्रार्थना करत नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं तर खोकला आल्यासारखं करतो. इथं मॅडम होत्या, दोन पंच होते, सुधाकरराव लाल डोळ्यांनी पाहत होते. मी चपला काढल्या. नाव माहीत नसलेल्या त्या माणसाबद्दल देवाचे आभार मानले. ज्यांनी त्याला इतकी वर्षं पाणी दिलं त्यांना आशीर्वाद मागितला. विहिरीला मागितला, दोन्ही वावरांना मागितला, दोन्ही घरांना मागितला. मग म्हटलं की माझ्यामुळे यांच्यात जे आलं ते तू काढ, मला ते काढता येत नाही. एवढंच. मिनिटभरही लागलं नसेल.

"आमीन," अम्मी म्हणाल्या. डोळे उघडले तर सुधाकररावांच्या डोक्यावरचा दुपट्टा हातात होता.

शेवटचं काम जबाबाचं. हद्द मान्य आहे, ताबा अमुक दिवसापर्यंत देईन, असं दोघांकडून लिहून घ्यायचं. मॅडम म्हणाल्या, "गायकवाड, अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्ही लिहा." मी विहिरीच्या काठावर बसून लिहू लागलो. मुदतीपाशी येऊन थांबलो.

"ताबा कधीपर्यंत?"

"मार्च लिहा," सुधाकरराव खाली पाहत म्हणाले. "गहू निंगेपर्यंत."

"नोका लिहू मार्च," रशीदभाई म्हणाले.

सुधाकरराव झटकन वळले. "म्हंजे? उद्याच पायजे काय तुले? उभं पीक वाळवतं काय माह्यं?"

"आयकून त घे, भाऊ. मालकी माही लिहा, साहेब. ते बापाची हाय. पानी दोघायचं लिहा."

"कायले?" सुधाकरराव म्हणाले. हा राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"कायले म्हंजे? दरसाल गाळ कोनं काढला? तूच ना? मी काढला असता काय, वेल्डिंगवाला मानूस? अकरा वर्सं साफ ठेवली म्हनून पानी हाय आज तिच्यात."

सुधाकरराव दुपट्टा हातात पिळत उभे राहिले. मग विहिरीत वाकून पाहिलं. वर न पाहताच म्हणाले, "यंदा दोघं काढू गाळ."

"काढू."

माझं पेन कागदावर टेकलेलंच होतं. "रशीदभाई, किती दिवसांसाठी लिहू? रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मंग लिहा ना, साहेब. विहिरीत पानी हाय तवर."

मी लिहिलं, 'विहिरीत पाणी आहे तोवर.' सुधाकररावांनी सही केली, रशीदभाईंनी केली, पंचांनी केली. मी कागद मॅडमकडे दिला. त्यांनी खालपर्यंत वाचला, मुदतीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "गायकवाड, ही मोजायची कशी?"

मी म्हटलं, "मोजायची नाही, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन मागितलं आणि सही केली.